दिवाळीचा मेल जातो, पण पोहोचत नाही: संस्थांच्या सणाच्या पत्रातले नेहमीचे बिघाड आणि त्यांची दुरुस्ती

तक्रार दर वर्षी तीच असते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शुभेच्छापत्र तयार होते, पावतीपुस्तकांवरून साठत आलेल्या तीन-चार हजार पत्त्यांवर ते एकदम सोडले जाते, आणि भाऊबीज उलटली तरी हाती येतात पाच-सहा उत्तरे आणि दोन देणग्या. विश्वस्तांच्या बैठकीत ठरते की मजकूर जमला नाही. पुढच्या वर्षी चित्र बदलते, चारोळी बदलते, निकाल मात्र बदलत नाही.

मजकूर तपासायची पाळी शेवटी येते. त्याआधी मेल चार ठिकाणी अडकू शकतो: पत्ताच मेलेला असतो, मेल स्पॅममध्ये जातो, उघडल्यावर नीट दिसत नाही, किंवा पैसे येतात पण कोणाचे ते कळत नाही. कुठे अडकला हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका.

आधी निदान

गेल्या दिवाळीचा अहवाल मेल पाठवण्याच्या सेवेतून (ज्या ऑनलाइन साधनातून एकगठ्ठा मेल सोडता, तिथून) एक्सेलमध्ये उतरवून घ्या. पहिला आकडा बाउन्सचा. शंभरात दोनपेक्षा जास्त मेल परत आले असतील तर यादी शिळी आहे. दुसरी तपासणी फार थोड्या संस्था करतात, पण सर्वांत जास्त माहिती तीच देते. लिंकवर टिचकी मारणाऱ्यांचे पत्ते '@' च्या पुढच्या भागानुसार वेगळे करा: जीमेल किती, रेडिफमेल किती, याहू किती, कंपन्यांचे किती. यादीत सत्तर टक्के पत्ते जीमेलचे आणि टिचक्या मात्र जवळपास सगळ्या इतरांच्या, असे दिसले तर जीमेलने तुमचा मेल स्पॅममध्ये टाकला आहे. मग मजकुरावर आणखी वेळ घालवू नका.

मेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर मात्र विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमधली गोपनीयतेची सोय मेलमधली चित्रे आपोआप आधीच उतरवते, आणि मेल उघडला की नाही हे चित्र उतरण्यावरूनच मोजले जाते, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला म्हणून धरला जातो. टिचक्या, उत्तरे आणि नावानिशी आलेल्या देणग्या, एवढेच मोजा.

मेल स्पॅममध्ये जातो

पहिले कारण तांत्रिक आहे आणि एका दुपारात दुरुस्त होते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ (तुमच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी लागते. जीमेलच्या वैयक्तिक पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पहिल्या दोन तपासण्या फसल्या तर मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) ही तिन्ही लागतात, शिवाय एका टिचकीत नाव काढण्याची सोयही. ही संख्या एकदा जरी गाठली तरी ते डोमेन, म्हणजे पत्त्यातला '@' च्या पुढचा भाग, कायमचे मोठ्या पाठवणाऱ्यांत मोजले जाते. तुमची संस्था छोटी असली तरी तिन्ही नोंदी करून ठेवा. खर्च शून्य आहे.

तपासायची रीत सोपी. तुमच्या सेवेतून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा. तो संगणकावर उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' निवडा. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी दिसतील आणि तिन्हींपुढे 'पास' हवे. नसेल तर बहुतेक वेळा पुढच्या तिघांपैकी एक दोष सापडतो.

संस्थेच्या मेल सेवेत 'प्रेषक' म्हणून जीमेलचाच पत्ता घातलेला असतो. जीमेलचा पत्ता दुसऱ्याच सेवेच्या सर्व्हरवरून निघाला की डीमार्कच्या तपासणीत तो नापास होतो. उपाय एकच: संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता. तो नसेल तर गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स ही योजना भारतात उपलब्ध आहे आणि नोंदणीकृत न्यासांना त्यातून वर्कस्पेसची, म्हणजे स्वतःच्या डोमेनचे ईमेल चालवता येणाऱ्या गूगलच्या सेवेची, मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते. पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम श्रावणातच सुरू करा.

दुसरा दोष म्हणजे डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदी जिथे असतात तिथे) एसपीएफच्या दोन नोंदी. एक संकेतस्थळ बनवणाऱ्याने घातलेली, दुसरी मेल सेवेच्या सूचनांवरून तुम्ही घातलेली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की दोन्ही बाद. जुन्या ओळीतच नव्या सेवेचा 'इन्क्लूड' (त्या सेवेला परवानगी देणारा तुकडा) जोडा आणि दुसरी ओळ काढून टाका. त्या ओळीतून होणारी डीएनएसची विचारणा दहाच्या वर गेली तरीही नोंद बाद होते, म्हणून सोडून दिलेल्या सेवांचे इन्क्लूड काढा.

तिसरा दोष: डीकेआयएम 'पास' दिसते, पण सही मेल सेवेच्या डोमेनची असते, तुमच्या नव्हे. सेवेच्या सेटिंगमध्ये डोमेनची पडताळणी करण्याचा पर्याय असतो. तिथे मिळणाऱ्या दोन-तीन नोंदी डीएनएसमध्ये घालायच्या. लागू व्हायला काही तासांपासून दोन दिवस लागतात. डीमार्कची सुरुवात 'नन' (none, म्हणजे काहीच कारवाई नको) या धोरणाने करा, म्हणजे एखादी नोंद चुकली तरी तुमचेच मेल अडवले जाणार नाहीत.

हे सगळे जमूनही मेल स्पॅममध्ये जात असेल, तर कारण तुमच्या सवयीत आहे. वर्षातले अकरा महिने ज्या डोमेनवरून मोजकी पत्रे जातात, तिथून एका संध्याकाळी चार हजार मेल निघाले की जीमेल-याहूसारख्या कुठल्याही सेवेला ते डोमेन चोरांच्या हाती गेल्यासारखे दिसते. वरून शेकडो मेलेले पत्ते. त्यावर कडी म्हणजे, 'ही संस्था कोणती?' असे म्हणत 'स्पॅम' दाबणारे लोक. जीमेलची अपेक्षा आहे की अशा तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत राहाव्यात आणि ०.३ टक्क्याला कधी पोहोचू नयेत. म्हणजे इनबॉक्समध्ये पडलेल्या हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या की धोक्याची रेषा गाठली. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये हा आकडा विनामूल्य दिसतो, पण संख्या अगदीच कमी असेल तर आलेख रिकामा राहतो.

यावरचा उपाय दिवाळीच्या दोन महिने आधी सुरू होतो. २०२६ चे उदाहरण घ्या. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. चार हजारांची यादी असेल तर गणपतीच्या सुमारास फक्त त्या तीनशे जणांना पत्र पाठवा ज्यांनी गेल्या वर्षभरात देणगी दिली, उत्तर दिले किंवा कार्यक्रमाला आले. त्यात मागणी नको. कामाची एक बातमी पुरे. पंधरा दिवसांनी सहाशे, मग बाराशे, मग अडीच हजार. प्रत्येक फेरीनंतर परत आलेले पत्ते त्याच दिवशी काढायचे. उरलेले बहुधा असे असतात ज्यांनी दोन-तीन वर्षांत काहीच हालचाल केलेली नाही. त्यांना दिवाळीचा मेल पाठवूच नका. आधी एका ओळीचे पत्र: 'आमची पत्रे यावीत असे वाटते का? हो म्हणायला इथे टिचकी मारा.' जे बोलणार नाहीत त्यांना सोडून द्या. यादी लहान होताना जीव कासावीस होतो, विशेषतः जुन्या विश्वस्तांचा, पण याच मेलेल्या पत्त्यांमुळे जिवंत माणसांचे मेल अडतात.

याचा फटका दिवाळीपुरता राहत नाही. डोमेनची पत घसरली की मे महिन्यात त्याच डोमेनवरून जाणारी देणगीची प्रमाणपत्रेही स्पॅममध्ये पडतात आणि देणगीदार फोन करून विचारतात, 'पावती का नाही पाठवली?' म्हणून शुभेच्छा आणि आवाहने एका उपडोमेनवरून (मूळ डोमेनआधी आणखी एक शब्द जोडून केलेल्या पत्त्यावरून) आणि पावत्या मूळ डोमेनवरून पाठवणे शहाणपणाचे.

साध्या जीमेलवरून बीसीसीत पत्ते घालून पाठवणाऱ्यांसाठी: दिवसाला ५०० ही मर्यादा आहे, ती ओलांडली की खाते २४ तासांपर्यंत अडते. आणि घाईत बीसीसीऐवजी सीसीत पत्ते गेले तर सगळ्या देणगीदारांचे पत्ते एकमेकांसमोर उघडे पडतात. ही चूक भरून काढता येत नाही. दोनशेपेक्षा जास्त लोक असतील तर मेल सेवा वापरा.

अक्षरे फुटतात, चित्र दिसत नाही, शेवट गायब होतो

फुटलेली अक्षरे जुन्या फॉन्टची. छपाईसाठी श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीमध्ये टंकलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. पाठवणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट असतो म्हणून त्याला सगळे ठीक दिसते. मजकूर युनिकोडमध्ये बदला, मग कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून साधा मजकूर म्हणून चिकटवा. वर्डमधून थेट चिकटवू नका. त्याच्यासोबत रंगरूपाचा मोठा छुपा पसारा येतो आणि मेल जड होतो. मेलचा एचटीएमएल भाग १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मधेच कापते. कापला जातो तो तळाचा भाग, आणि तळातच नाव काढण्याची लिंक असते. ती न सापडलेला माणूस 'स्पॅम' दाबून मोकळा होतो.

दुसरी घाऊक चूक म्हणजे पणती, रांगोळी, सगळा मजकूर आणि खाते क्रमांकासकट एकच मोठे चित्र. चित्रे बंद असतील तर पत्र कोरे, दृष्टिबाधित वाचकाच्या स्क्रीन रीडरला त्यात वाचायला काहीच नाही, आणि जाळ्याचा वेग कमी असलेल्या गावात ते उघडेपर्यंत माणूस पुढे जातो. चित्र एकच ठेवा, ६०० पिक्सेल रुंद, २०० केबीच्या आत, सोबत मराठीत पर्यायी मजकूर: 'वसतिगृहाच्या ओसरीत आकाशकंदील बनवणाऱ्या मुली.' बाजारातल्या तयार पणतीपेक्षा मुलींनी बनवलेल्या त्या वाकड्यातिकड्या कंदिलाचा फोटो कितीतरी बोलका असतो. मुलांचे चेहरे दाखवताना पालकांची लेखी संमती हवी. ती नसेल तर हात आणि कंदील दाखवा.

नाव चुकते

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण मराठी देणगीदार सगळ्यात जास्त दुखावतो तो इथे.

यादी बहुधा इंग्रजी लिपीत असते. मेल मराठीत पाठवायचा म्हणून कोणीतरी नावे यंत्राकडून देवनागरीत करून घेते. रोमन लिपीत ळ आणि ल एकच, ण आणि न एकच, आ आणि अ एकच. मग काळ्यांचे काले होतात, बाळ आडनावाचे बल, माने मने होतात. वीस वर्षे देणगी देणाऱ्या बाईंना त्यांचे आडनाव चुकवलेले पत्र दिवाळीत मिळते. हे काम यंत्रावर सोडू नका. चार हजार नावे तपासायला दोन माणसांना तीन-चार दिवस लागतात. एकदा केले की पुढे फक्त नवी नावे.

दुसरे म्हणजे संबोधन. 'प्रिय देणगीदार' हे मराठी पत्र वाटतच नाही. 'प्रिय श्री. रमेश विनायक' हे बँकेच्या नोटिशीसारखे वाटते. एक्सेलमध्ये 'संबोधन' असा स्वतंत्र रकाना करा आणि तिथे पत्र हाताने लिहिताना जे लिहिले असते तेच लिहा: 'सुनीताताई', 'देशपांडे सर', 'पाटील काका', 'सौ. व श्री. जोशी'. पुढे 'सप्रेम नमस्कार' किंवा 'स. न. वि. वि.'. ज्यांची माहिती नाही त्यांच्यासाठी रकाना रिकामा ठेवा आणि सेवेतल्या पर्यायी शब्दात फक्त 'नमस्कार' घाला. तो पर्याय भरला नाही तर पत्राची सुरुवात स्वल्पविरामाने होते किंवा रकान्याचे नाव जसेच्या तसे छापले जाते. पाठवण्याआधी रकाना भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही नोंदींवर चाचणी घ्या.

पुण्यात महर्षी कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेल्या संस्थेच्या भाऊबीज निधीसाठी कार्यकर्त्या पिढ्यानपिढ्या घरोघर जात आल्या आहेत. दारात आलेली कार्यकर्ती घरच्यांना नावाने ओळखते, गेल्या वर्षीच्या पैशाचे काय झाले ते सांगते, पावती तिथल्या तिथे फाडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते. तुमच्या मेलमध्ये यांतले काय उरले आहे, हे पाहण्यासाठी तो मेल त्या कार्यकर्तीच्या आवाजात मोठ्याने वाचा. जे वाक्य ती दारात उभी राहून कधीच बोलली नसती, ते काढा.

दुखवट्याच्या घरी शुभेच्छा जातात

घरात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी अनेक घरांत दिवाळी साजरी होत नाही. नातेवाईक येतात, पण फराळ देवघेवीचा नसतो. अशा घरी 'ही दिवाळी आनंदाची, भरभराटीची जावो' असे रंगीत पत्र जाणे, आणि कधी तर गेलेल्या माणसाच्याच नावाने जाणे, यासारखी दुसरी दुखरी चूक नाही.

ती टाळण्याची माहिती तुमच्याच कार्यालयात असते. पावतीपुस्तकात गेल्या बारा महिन्यांतल्या 'कै.' आणि 'स्मरणार्थ' लिहिलेल्या पावत्या चाळा. काही लोक दर वर्षी आईवडिलांच्या तिथीला देतात. ती नावे जुन्या पावत्यांवरून ओळखू येतात. या वर्षी पहिल्यांदाच 'स्मरणार्थ' दिलेल्यांची वेगळी यादी करा. पंचेचाळीस-पन्नास नावे निघतील. यादीत 'दुखवटा' असा रकाना करून त्यात तारीख लिहा आणि वर्षभर त्यांना सणाच्या कोणत्याही फेरीत घेऊ नका. त्यांच्यासाठी चार ओळींचे साधे पत्र, चित्राशिवाय, मागणीशिवाय: 'यंदाची दिवाळी तुमच्यासाठी वेगळी आहे याची आम्हाला जाणीव आहे. काकांच्या स्मरणार्थ दिलेल्या रकमेतून ग्रंथालयात ३० पुस्तके आली. मुले ती वाचत आहेत.' शक्य असेल तर पन्नासही पत्रे हाताने पाठवा. पितृपक्षात असे स्मरणाचे पत्र चालते. शुभेच्छांचे किंवा उत्सवाचे चालत नाही.

सगळ्याच हितचिंतकांची दिवाळी असते असेही नाही. गोव्यात कोणाला नाताळचे पत्र जवळचे वाटेल, कोणाला चवथीचे. कोणी १४ एप्रिलला किंवा १४ ऑक्टोबरला आठवण ठेवली तर अधिक आनंदेल. आडनावावरून धर्म किंवा जात ओळखून गट पाडू नका. अंदाज चुकतात, आणि बरोबर आले तरी तशी नोंद ठेवणे योग्य नाही. सरळ विचारा. नाव नोंदवण्याच्या अर्जात एक प्रश्न पुरतो: 'कोणत्या निमित्ताने आमचे पत्र यावेसे वाटते?' डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा रोखही हाच आहे: माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगा, आणि तेवढ्यासाठीच वापरा.

तारीख चुकते

मेल आधीच वेळ लावून ठेवायची सोय चांगली आहे, पण गेल्या वर्षीची मोहीम नक्कल करून तारीख तीच ठेवली तर घात होतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले, तर उत्तरेत अनेक ठिकाणी २० लाच. परदेशी सेवांच्या तयार दिनदर्शिकेत बहुधा उत्तरेची तारीख असते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने दिवाळी थेट नोव्हेंबरात गेली: धनत्रयोदशी ६ ला, लक्ष्मीपूजन ८ ला, पाडवा १० ला, भाऊबीज ११ ला. दर वर्षी पंचांग उघडा आणि मगच वेळ लावा.

आवाहनाचे पत्र धनत्रयोदशीच्या आठ-दहा दिवस आधी, कामाच्या दिवशी सकाळी जावे. तोवर बोनसचा अंदाज आलेला असतो, खरेदी पूर्ण झालेली नसते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोणी मेल वाचत नाही. भाऊबीजेच्या सकाळी दुसरे पत्र, फक्त आभाराचे, आणि ते देणगी न दिलेल्यांनाही, कारण सणाची बातमी सगळ्यांची.

गुढीपाडव्याच्या पत्राचाही असाच घोळ होतो. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला होता, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या आत. २०२७ मध्ये तो ७ एप्रिलला आहे. करसवलतीचे आवाहन पाडव्याच्या पत्राला जोडण्याची सवय असेल तर त्या वर्षी ते ३१ मार्च उलटल्यावर पोहोचेल. दोन्ही पत्रे वेगळी ठेवा.

वाचतात, पण देत नाहीत

आता मजकूर. 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' हा विषय त्या आठवड्यात दुकाने, बँका, नगरसेवक सगळ्यांचाच असतो. मोबाइलवर विषयाची पहिली तीस-पस्तीस अक्षरेच दिसतात, आणि तुमचे काम त्यातच दिसायला हवे. पत्रात एकच मागणी, एकच रक्कम, एकच बटण. सहा प्रकल्प आणि चार देणगी-योजनांची यादी दिली की वाचणारा 'नंतर बघू' म्हणतो. नमुना असा:

विषय: भाऊबीजेआधी ४२ चादरी

सुनीताताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी तुम्ही पाठवलेल्या ओवाळणीतून वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसली. आता मुलींना पहाटे हंडे घेऊन खाली उतरावे लागत नाही.

यंदा जूनमध्ये ४२ नव्या मुली आल्या. थंडी पडायच्या आत प्रत्येकीला एक सोलापुरी चादर द्यायची आहे. एका चादरीला ₹४५० लागतात. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून एक चादर तुमच्याकडून येईल का?

यंदा जमणार नसेल तरी या पत्राला दोन ओळींचे उत्तर जरूर पाठवा. मुलींना वाचून दाखवू.

तुम्हाला व घरच्या सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.

खाली अधीक्षिकांचे नाव, आणि प्रेषकाच्या जागीही तेच नाव, 'ऑफिस' किंवा 'इन्फो' नव्हे. ४२ चादरी झाल्या की बटणाच्या पानावर तसे लिहा आणि पुढची गरज मांडा. चादरी पूर्ण झाल्यावरही चादरीसाठी पैसे घेत राहणे हा विश्वासाचा भंग आहे.

उत्तर मागितले आहे, म्हणून उत्तर न स्वीकारणारा पत्ता वापरू नका. लोक खरोखर लिहितात. त्या उत्तरांमुळे जीमेलसारख्या सेवांच्या नजरेत तुमची पतही वाढते. पण कार्यालयाला चार दिवस सुट्टी असते आणि उत्तरे साचून राहतात. कोणाच्या मोबाइलवर ती पेटी उघडी राहणार आणि दोन दिवसांत कोण उत्तर देणार, हे मेल सोडण्याआधी ठरवा.

पैसे आले, पण कोणाचे?

बँकेच्या उताऱ्यात ₹१,१०० जमा, समोर एक यूपीआय पत्ता आणि बारा आकडी क्रमांक. नाव अर्धवट, पॅन नाही. पावती कोणाच्या नावाने फाडायची? तिकडे देणगीदार वाट पाहतो आणि संस्थेने दखलही घेतली नाही असे मनाशी धरतो.

कारण मेलमध्येच आहे: क्यूआर कोड. तो ज्या मोबाइलवर पत्र वाचतो त्याच मोबाइलने टिपता येत नाही, म्हणून लोक स्क्रीनशॉट काढतात किंवा यूपीआय पत्ता उतरवून थेट पैसे पाठवतात, आणि अर्ज बाजूला राहतो. मेलमध्ये क्यूआर देऊच नका. बटण द्या, ते संकेतस्थळावरच्या छोट्या अर्जावर नेईल. त्यात नाव, पत्ता, मोबाइल, पॅन एवढेच विचारा. अर्ज भरला की मगच पैसे भरण्याचा पर्याय दिसावा. तरीही थेट पैसे पाठवणारे असतातच. त्यांच्यासाठी एक ओळ: 'थेट रक्कम पाठवली असल्यास या मेललाच उत्तर म्हणून नाव, पॅन आणि व्यवहार क्रमांक कळवा.' रकमेची छोटी खूण हाही उपाय आहे: चादरीसाठी ₹४५० ऐवजी ₹४५१ मागा, म्हणजे उताऱ्यात या मोहिमेच्या रकमा लगेच वेगळ्या दिसतात.

पॅन नंतर मागत बसण्याचा त्रास मे महिन्यात कळतो. ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी आयकर मान्यता) असलेल्या संस्थांना आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून देणगीदारांचे विवरण १०बीडी या नमुन्यात भरावे लागू लागले, मुदत ३१ मे, आणि त्यातूनच देणगीदाराचे १०बीई प्रमाणपत्र निघते. ओळख क्रमांकाशिवाय ती नोंद होत नाही. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात; मेलमध्ये ते छापण्याआधी सीएंना दाखवा. 'कर वाचवा' हे वाक्य ठळक करू नका. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट मिळत नाही, आणि ₹२,००० च्या वरच्या रोख देणगीलाही नाही. तळाला एक साधी ओळ पुरे.

परदेशातल्या मराठी माणसांना गेलेला मेल

शिकागो, लंडन, दुबईत राहणाऱ्यांना दिवाळीत घरची आठवण येते आणि पत्राला प्रतिसाद चांगला येतो. धोका पैशाच्या मार्गात आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी परकीय अंशदान धरली जात नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस, ओसीआय कार्ड असले तरी, परकीय स्रोत आहे. त्याची देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. सगळ्यांना एकच बटण दिले की ही रक्कम साध्या खात्यात पडते.

म्हणून परदेशी यादी वेगळी काढा आणि बटणाच्या पानावर पहिला प्रश्न नागरिकत्वाचा ठेवा. एफसीआरए नसेल तर परदेशी नागरिकांना पैशाची मागणी नसलेले पत्र पाठवा: कामाची बातमी, मुलींचा कंदील, आणि भारतात आल्यावर भेटीचे निमंत्रण. वेळही त्यांच्या घड्याळाची लावा. इथली सकाळची दहा म्हणजे शिकागोत अजून रात्र, आणि रात्री आलेला मेल तिथल्या सकाळच्या ढिगात खाली जातो.

भाऊबीजेनंतरचा आठवडा

परत आलेले पत्ते काढा. 'नको' म्हणणाऱ्यांची नावे दोन दिवसांत काढा. जीमेलने मोठ्या पाठवणाऱ्यांना घातलेली मुदतही तेवढीच आहे. उत्तरांतून कळलेले बदल, म्हणजे नवे पत्ते, दुरुस्त झालेली नावे, कोणाच्या घरचा दुखवटा, त्याच आठवड्यात यादीत चढवा. डिसेंबरात ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तुळशीच्या लग्नापर्यंत चादरी वाटून झाल्या असतील तर एक फोटो आणि तीन ओळी पाठवा, मागणीशिवाय. पुढचे पत्र संक्रांतीला.